कलम पाठ, व्याख्या कोरी

महाराष्ट्रातल्या कोणत्याही पोलीस ठाण्यातली दुचाकी चोरीची फिर्याद वाचायला घ्या. शेवटाकडे एक वाक्य हमखास भेटते : ‘कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीवाचून, स्वतःच्या फायद्याकरिता, मुद्दाम लबाडीच्या इराद्याने सदरची मोटारसायकल चोरून नेली आहे.’ फिर्यादी हे वाक्य बोललेला नसतो. तो एवढेच म्हणतो, ‘साहेब, गाडी गेली.’ बाकीचे ठाणे अंमलदार लिहितो. त्याला ते त्याच्या आधीच्या अंमलदाराने शिकवलेले असते आणि त्याला त्याच्याही आधीच्याने.

या झिजलेल्या वाक्यात चोरीची जवळजवळ सगळी कायदेशीर व्याख्या आहे. जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, संमती नसणे, लबाडीचा इरादा आणि त्यासाठी वस्तू हलवणे. कोणा जुन्या, जाणत्या माणसाने ही व्याख्या डोळ्यांसमोर ठेवूनच ते वाक्य प्रथम लिहिले असणार. आज शब्द उरले आहेत, पण त्या प्रत्येक शब्दामागे फिर्यादीला विचारायचा एक प्रश्न होता, तो गळून पडला आहे. गाडी शेवटची कोणाच्या ताब्यात होती? चावी कोणाकडे होती? याआधी ती कोणी मागून नेत असे का? गाडीवर कर्ज आहे का आणि हप्ते थकलेत का? हे प्रश्न विचारले गेले, तरच ‘लबाडीच्या इराद्याने’ या शब्दांना काही आधार मिळतो. नाहीतर ते छापील कागदावरच्या मजकुरासारखे प्रत्येक फिर्यादीत तसेच उमटत राहतात.

नव्याने भरती झालेल्या शिपायांना आपण वाहनांसंबंधीचे गुन्हे ज्या पद्धतीने शिकवतो, ती पद्धत बदलायला हवी, असे मला ठामपणे वाटते. आपण त्यांच्याकडून कलमांचे आकडे आणि शिक्षेची वर्षे पाठ करून घेतो. व्याख्या मात्र घाईत उरकतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा तर हे फारच उघड झाले. चोरीच्या ३७९ चे ३०३(२) झाले, बेदरकार वाहन चालवण्याच्या २७९ चे २८१ झाले, हयगयीने मृत्यू घडवण्याच्या ३०४-अ चे १०६ झाले. जुन्या-नव्या आकड्यांचे तक्ते मोबाइलवरून फिरू लागले आणि ते पाठ झाले म्हणजे नवा कायदा आला, अशी समजूत झाली. आकडे बदलले तसे काही ठिकाणी शब्दही बदलले आहेत, हे तक्त्यात दिसत नाही.

मी काही वर्षे कायद्याचे विद्यार्थी आणि अधूनमधून प्रशिक्षणार्थी शिपाई यांच्यापुढे उभा राहिलो आहे. वर्गात मी तीन प्रसंग सांगतो. पहिला : मध्यरात्री आईला दम लागला म्हणून एका मुलाने शेजारच्या काकांची स्कूटर, त्यांना न उठवता, ओट्यावरची चावी घेऊन दवाखान्यापर्यंत नेली आणि पहाटे जागेवर लावली. दुसरा : दोन पोरांनी अशीच एक मोटारसायकल निव्वळ मौजेसाठी पळवली आणि पेट्रोल संपल्यावर महामार्गाच्या कडेला टाकून दिली. तिसरा : हप्ते थकले म्हणून तिघांनी भर रस्त्यात गाडी अडवली, चालकाला दमदाटी करून चावी काढून घेतली आणि गाडी नेली. तिन्ही प्रसंगांना वर्गातून एकच उत्तर येते. ‘सर, ३०३(२).’

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधले कलम १९७ त्या वर्गात बहुधा कोणाच्या ओठांवर नसते. मालकाच्या संमतीवाचून किंवा कायदेशीर अधिकाराशिवाय गाडी चालवून नेणे हा त्या कलमाखाली वेगळा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचा. त्याला जोडलेले परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी तरतूद, मला कायद्यातल्या माणुसकीच्या जागांपैकी एक वाटते. मालकाला विचारले असते तर त्याने हो म्हटले असते, असे त्या माणसाला वाजवी कारणाने वाटत होते, हे न्यायालयाला पटले तर त्याला दोषी धरायचे नाही. पहिल्या प्रसंगातल्या मुलासाठीच जणू हे लिहिले आहे. पण ते त्याच्या उपयोगी कधी पडेल? पहिल्या जबाबात काकांना कोणी ‘हा मुलगा याआधी तुमची गाडी नेत होता का?’ असे विचारले असेल आणि उत्तर लिहून घेतले असेल, तर.

दुसरा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. ‘कायमची न्यायची नव्हती, फिरवून टाकून दिली, मग ती चोरी कशी?’ हा बचाव ऐकायला बरा वाटतो. इंग्लंडमध्ये तो बराच चालतो, कारण तिथल्या १९६८ च्या कायद्यात मालकाला वस्तूपासून कायमचे वंचित करण्याचा हेतू हा चोरीच्या व्याख्येचाच भाग आहे. म्हणून तिथे गाडी न विचारता नेण्यासाठी निराळा गुन्हा लिहावा लागला. आपल्या व्याख्येत ‘कायमचे’ हा शब्द नाही. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दल अकादमीतल्या एका प्रशिक्षणार्थीने ठरलेल्या वेळेआधीच, परवानगीशिवाय, एक विमान उडवले आणि ते पाकिस्तानात नेऊन उतरवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५७ मध्ये न्यायालयाने चोरीचा दोष कायम ठेवला. वस्तूचा तात्पुरता वापर हाही गैरलाभ होऊ शकतो, तिच्यापासून मालकाला तेवढ्यापुरते दूर ठेवणे ही गैरहानी होऊ शकते आणि हेतू लबाडीचा असेल तर एवढे चोरीला पुरते, हे त्या निकालाचे सार. महामार्गावर टाकून दिलेल्या मोटारसायकलीचा कायदा आपल्याकडे एका विमानाच्या खटल्यातून आला आहे. प्रशिक्षणार्थींना हे सांगितले की त्यांचे डोळे चमकतात, ते विसरत नाहीत. मग खरी चर्चा सुरू होते : त्या दोन पोरांचा हेतू कशावरून ठरवायचा? नंबर प्लेट काढली होती का? हँडल लॉक तोडले होते का? डिकीतली कागदपत्रे जागेवर होती का? आणि हे सगळे पंचनाम्यात आले का?

तिसऱ्या प्रसंगात बहुतेक वेळा उलटे घडते. फिर्यादीलाच सांगितले जाते, ‘हा दिवाणी मामला आहे, बँकेत जा.’ भाडे-खरेदीच्या करारात, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत गाडी वित्तपुरवठा करणाऱ्याचीच राहते अशा करारात, त्याने ती परत घेतली तर ती चोरी ठरत नाही, असे न्यायालयांनी म्हटले आहे, हे खरे. म्हणून दमदाटी माफ होत नाही. कलम १९७ च्याच दुसऱ्या पोटकलमात बळाने, बळाच्या धाकाने किंवा इतर कोणत्याही प्रकारे धमकावून बेकायदा गाडीचा ताबा घेणे हा गुन्हा सांगितला आहे. गाडी कोणाची, हा प्रश्न आणि ती कशी घेतली, हा प्रश्न वेगळे आहेत. हा भेद माहीत नसलेला शिपाई माणसाला ठाण्याच्या पायरीवरूनच परत पाठवतो.

आता नव्या संहितेने चोरीच्या बाबतीत घातलेला एक घोळ. कलम ३०५ मध्ये राहत्या घरातल्या चोरीच्या जोडीला आता ‘प्रवासी किंवा माल यांच्या वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहतुकीच्या साधनाची’ चोरी आली आहे आणि तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत. मग प्रश्न असा की माझी मोटारसायकल, जिच्या मागच्या सीटवर रोज मुलगी बसते आणि पुढे भाजीची पिशवी असते, ती या व्याख्येत बसते का? शब्दशः वाचले तर बसते, कारण कायद्याने ‘सार्वजनिक’ किंवा ‘भाड्याने’ असे काहीच म्हटलेले नाही. आशय पाहिला तर एस.टी., रिक्षा, टेम्पो, ट्रक डोळ्यांसमोर येतात. व्यवहारात खासगी दुचाकीची चोरी सर्रास ३०३(२) खाली नोंदली जाते आणि मला स्वतःला दुसरा अर्थच अधिक पटतो. प्रत्येक खासगी गाडी ‘वाहतुकीचे साधन’ धरायची असती, तर ‘प्रवासी किंवा माल’ हे शब्द घालण्याचे कारण उरले नसते. पण हा माझा तर्क झाला. रिक्षा चोरीला गेलेल्या माणसाचीही फिर्याद जेव्हा सवयीने ३०३(२) मध्ये जाते, तेव्हा मात्र ती उघड चूक असते.

यात फरक फक्त शिक्षेचा असता तर ‘न्यायालय बघून घेईल’ म्हणता आले असते. तसे नाही. तपासाची आणि खटल्याची कार्यपद्धती सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. सात वर्षांच्या गुन्ह्याला ही वाट नाही. उलट कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आवश्यक केले आहे आणि राज्यांनी पाच वर्षांच्या आत ही व्यवस्था उभी करायची आहे. रिक्षा कोणत्या कलमाखाली चोरीला गेली, यावर तिच्या जागी तज्ज्ञ येणार की नाही हे ठरते. ‘वाहतुकीचे साधन’ या दोन शब्दांना एवढे वजन आहे.

दुसऱ्या टोकाला सायकल आहे. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आणि पहिलाच दोषारोप सिद्ध झालेला माणूस असेल, तर माल किंवा त्याची किंमत परत केल्यावर शिक्षा सामुदायिक सेवेची. विचार चांगला आहे, पोटासाठी हात मारणाऱ्याला तुरुंगात कशाला घालायचे? पण नागरिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र केली आहे. म्हणजे बांधकामावर सायकलने जाणाऱ्या मजुराची जुनी सायकल गेली, तर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. चोर सापडलेलाच नसताना त्याचा हा पहिला गुन्हा आहे की दहावा, हे ठाणे अंमलदाराला कसे कळणार? कायद्यातला हा दोष शिपायाने दुरुस्त करायचा नाही, हे कबूल. पण किंमत कोणी आणि कशी लावायची, एवढे तरी त्याला शिकवता येते. भंगारवाल्याचा भाव ही सायकलची किंमत नव्हे. तशीच सायकल आज बाजारात घ्यायला काय पडते, हे फिर्यादीला विचारायला हवे.

अपघातांच्या बाबतीत शब्दांची झीज अधिक महागात पडते. तिथेही एक ठरलेले वाक्य आहे : ‘भरधाव वेगात, हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून.’ बैलगाडीला घासून गेलेला टेम्पो असो की फुटपाथवर चढलेली मोटार, वाक्य एकच. १९९८ मध्ये कर्नाटकातल्या एका ट्रक अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गाडी ‘वेगात’ होती एवढ्याने हयगय किंवा बेदरकारपणा सिद्ध होत नाही. ‘वेग’ हा सापेक्ष शब्द आहे आणि साक्षीदाराच्या मते वेग म्हणजे काय, हे सरकार पक्षाने पुढे आणायला हवे होते. त्याला आता पाव शतक उलटून गेले. आपल्या फिर्यादी अजून ‘भरधाव’वरच थांबतात आणि आरोपी सुटले की आपण न्यायालयाला नावे ठेवतो.

वेगाच्या जागी काय लिहायचे? ब्रेकच्या खुणा किती लांब होत्या, त्या होत्या तरी का, गाडी कोणत्या बाजूला होती, झेब्रा पट्टे किती अंतरावर, दिवे होते का, वळण होते का, चालकाच्या तोंडाला वास येत होता का. कारण हयगय, बेदरकारपणा आणि परिणामाची जाणीव या एकाच रस्त्यावरच्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. लक्ष गेले, ब्रेक उशिरा लागला, ही हयगय. धोका दिसत असूनही ‘निघून जाऊ’ म्हणत घुसवली, हा बेदरकारपणा. आपण जे करतोय त्याने माणूस मरू शकतो हे ठाऊक असून तसेच पुढे गेला, तर गोष्ट सदोष मनुष्यवधापर्यंत जाते.

या पायऱ्या पुस्तकी नाहीत, त्या महाराष्ट्राच्याच रस्त्यांवर दिसल्या आहेत. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर दारू प्यायलेल्या तरुणाची मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगयीने मृत्यू घडवल्याचा दोष धरला. उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवधापर्यंत नेला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षी २५ जानेवारीला पुण्यात स्वारगेट आगारातून एका चालकाने एस.टी. बस बाहेर काढली, गर्दीच्या रस्त्यांवरून उलटसुलट चालवली आणि नऊ जणांचे प्राण घेतले. तो खटला खुनाचा झाला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे फाशीची जन्मठेप केली, पण दोष खुनाचाच राहिला. चाकाखाली माणसे दोन्हीकडे मेली. फरक होता तो चालकाच्या मनात काय होते याचा आणि ते मन वाचता येते केवळ घटनास्थळाच्या बारीक तपशिलांतून.

मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताने हेच सगळे पुन्हा समोर आणले. दोन तरुण अभियंते मेले, गाडी अल्पवयीन मुलाच्या हातात होती. सुरुवातीला हयगयीने मृत्यूचे कलम लागले, नंतर सदोष मनुष्यवधाचे. रक्ताच्या नमुन्यांच्या अदलाबदलीचे आरोप झाले. त्या प्रकरणात कोण दोषी हे न्यायालय ठरवील, मी त्यात पडत नाही. पण पहिल्या काही तासांत लावलेले कलम आणि घेतलेला नमुना यांना किती मोल असते, हे साऱ्या राज्याने पाहिले. मद्यपी चालकाला वॉरंटशिवाय अटक केली, तर दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्याला सोडावे लागते, हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ मध्येच आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क, ही कलम १८५ ची मर्यादा. घड्याळ चालू असते आणि त्या वेळी तिथे बहुधा सर्वांत कनिष्ठ माणूसच हजर असतो.

‘हिट अँड रन’ हा शब्द तर मला कधीकधी वर्गात वर्ज्य करावासा वाटतो. लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ ठोकर देऊन पळणे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये त्याचा अर्थ निराळा : वाजवी प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटत नाही, अशा वाहनाने झालेला अपघात. तिथे प्रश्न शिक्षेचा नाही, भरपाईचा आहे. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. चालक पळाला पण नंबर मिळाला, तर लोकांच्या दृष्टीने ते हिट अँड रन, या कलमापुरते नाही. आणि तिसरा अर्थ न्याय संहितेच्या कलम १०६(२) चा : बेदरकार आणि हयगयीच्या चालवण्याने मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी याच पोटकलमाविरुद्ध चाके थांबवली आणि जुलैत संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून. तक्ता पाठ केलेला शिपाई ‘१०६(२), दहा वर्षे’ असे आत्मविश्वासाने सांगतो. ते वगळले आहे, हे तक्त्यात लिहिलेले नसते.

त्या संपात चालकांचा एक मुद्दा होता, जमाव मारतो म्हणून आम्ही पळतो. कायद्याला ही गोष्ट अजिबात ठाऊक नाही, असे नाही. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३४ जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर घालते, पण जमावाच्या रोषामुळे किंवा आवाक्याबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर सूट देते आणि पोलिसांना कळवायला जास्तीत जास्त चोवीस तास देते. पंधरा किलोमीटरवरच्या ठाण्यात स्वतःहून येऊन बसलेला चालक आणि गाडी धुऊन शेडमध्ये लपवणारा चालक यांना एकाच शब्दात ‘फरार’ म्हणणे अन्यायाचे आहे. तो पळाला तेव्हा रस्त्यावर काय चालले होते, हे तपासी अंमलदाराने लिहायलाच हवे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो अनुभवी हवालदारांकडून येतो म्हणून मी तो हलक्यावर घेत नाही. ते म्हणतात, कलम शिपाई लावत नाही, साहेब लावतात. पुढे दोषारोपपत्रात बदलता येते, शेवटी आरोप न्यायालय निश्चित करते. शिपायाला वकील बनवून काय करायचे? त्याला कवायत आहे, बंदोबस्त आहे, प्रशिक्षणाचे तास मोजके आहेत.

कलम बदलता येते, हे खरे. पण पावसाने धुतलेल्या ब्रेकच्या खुणा परत आणता येत नाहीत. मोकळ्या मैदानात लावलेल्या गाडीची चावी तिच्यातच होती का, हे तीन महिन्यांनी विचारले तर फिर्यादी विमा कंपनीला सोयीचे उत्तर देतो. साहेब जे कलम लावतात ते शिपायाने पाहिलेल्या आणि विचारलेल्या गोष्टींवर लावतात. त्याने काही विचारलेच नाही, तर साहेबांपुढेही ‘भरधाव’ एवढाच शब्द असतो. शिवाय मी जास्तीचे तास मागत नाही. आहेत त्याच तासांत आकड्यांच्या घोकंपट्टीला लागणारा वेळ काढून घ्या, एवढेच म्हणतो. आकडा विसरला तर पुस्तकात सापडतो, मोबाइलवर सापडतो.

बदल करायचा तर परीक्षेपासून करावा लागेल, कारण प्रशिक्षणार्थी परीक्षेत येते तेच शिकतो, यात त्याचा दोष नाही. ‘कलम ३०५ ची शिक्षा सांगा’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी अर्ध्या पानाचा प्रसंग द्यावा, हातात मूळ कायद्याचे पुस्तक द्यावे आणि विचारावे : तुम्ही घटनास्थळी पहिले पोहोचलात, कोणाला कोणते पाच प्रश्न विचाराल आणि का? त्यातल्या ‘का’ला निम्मे गुण ठेवावेत. जिथे कायद्याचा अर्थ अजून पक्का झालेला नाही, तिथे तसे मोकळेपणाने सांगावे आणि गृह विभागाने अभियोग संचालनालयाकडून लेखी मार्गदर्शन मागवून ते प्रत्येक ठाण्यात पोहोचवावे. खासगी दुचाकी ‘वाहतुकीचे साधन’ आहे की नाही, हे एका जिल्ह्यात एक आणि शेजारच्या जिल्ह्यात दुसरे, असे राहू नये.

गेल्या खेपेला त्या तीन प्रसंगांनंतर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिने कलम सांगितले नाही. तिने विचारले, ‘सर, काकांनी सकाळी तक्रार दिली की त्यांच्या मुलाने दिली? कारण स्कूटर कोणाच्या नावावर आहे, ते तुम्ही सांगितलंच नाही.’ मी खरोखरच सांगितले नव्हते.